पेले की मेस्सी? विहारातला वाद आणि मैदानाचे फाटक

आमच्या राहुरीतील विहाराच्या वाचनालयात एक काळा फळा आहे. त्यावर एरवी वर्षावासातील ग्रंथवाचनाची वेळ, भीमजयंतीच्या वर्गणीचा जमाखर्च आणि कोणाकडे मंगल परिणय किंवा पुण्यानुमोदन आहे, एवढेच लिहिलेले असते. जमाखर्च मी लिहितो. कारकुनाच्या हाताला ती सवयच असते. २०२२ च्या डिसेंबरात एका संध्याकाळी वंदनेनंतर वाचनालयात डोकावलो, तर पोरांनी माझा जमाखर्च पुसून फळ्यावर तीन रकाने आखले होते. पेले, मॅराडोना, मेस्सी. खाली मतांच्या रेघा. वर मोठ्या अक्षरात प्रश्न होता, सर्व काळातला सर्वश्रेष्ठ कोण?

१८ डिसेंबरला अर्जेंटिना आणि फ्रान्स यांचा अंतिम सामना ३-३ बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२ ने जिंकली, त्या रात्रीपासून हा वाद पेटला होता. आपल्याकडे क्रिकेटचे वेड. पण आमच्या वाचनालयात कृषी विद्यापीठात शिकणारी बाहेरगावची मुलेही येतात. त्यांत एक कोल्हापूरचा. कोल्हापूर म्हणजे महाराष्ट्रातली फुटबॉलची पंढरी (शब्द सवयीने आला, वाचकांनी माफ करावे). पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशी तिथल्या संघांची नावे. म्हणजे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉल दत्तक घेतला. विश्वचषक आला की तिथल्या गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिना अशा वाटल्या जातात. हा पठ्ठ्या अर्जेंटिनाच्या गल्लीतला! “मेस्सीनं आता कप पण आणला, आता कशाचा वाद घालायलाय?” हे त्याचे म्हणणे.

दुसऱ्या बाजूने पेलेचे तीन विश्वचषक होते, १९५८, १९६२ आणि १९७०. तिसऱ्या बाजूने मॅराडोनाचा १९८६ चा इंग्लंडविरुद्धचा तो गोल होता, ज्यात त्याने अर्ध्या मैदानापासून एकेकाला चकवत नेले. त्याच्या चारच मिनिटे आधी हाताने केलेला गोलही होता, हे विरोधकांनी लगेच आठवून दिले. मग संघांचा वाद निघाला. १९५४ ची पुश्काशची हंगेरी, जी गटात पश्चिम जर्मनीला ८-३ ने हरवून अंतिम सामन्यात त्यांच्याकडूनच २-३ ने हरली. १९७४ ची क्रायफची हॉलंड. आणि १९७० ची ब्राझील, जिने सहाच्या सहा सामने जिंकून अंतिम सामन्यात इटलीला ४-१ ने लोळवले. एवढे पाठांतर आमची पोरे एमपीएससीला करतील तर काय बहार होईल, असे माझ्या मनात येऊन गेले. असो.

अंतिम सामन्यानंतर अकराच दिवसांनी, २९ डिसेंबरला, पेलेचे निधन झाले. ३१ तारखेला संध्याकाळी १ जानेवारीच्या भीमा-कोरेगावच्या गाड्या ठरवायला आम्ही सारे विहारात जमलो होतो. तेव्हा पोरांनी पेलेचा फोटो छापून आणला आणि वाचनालयात लावू म्हणाली. आमचे एक ज्येष्ठ उपासक आहेत, सारे त्यांना नाना म्हणतात. नानांनी चष्मा वर करून फोटो पाहिला. “हे कोण? आणि आपल्याला ह्यांचं काय?” नानांचा प्रश्न रास्त होता. विहाराच्या भिंतीवर तथागत, बाबासाहेब, फुले दांपत्य, शाहू महाराज. तिथे उद्या कोणीही यायला लागला तर कसे चालेल?

पोरे गोल सांगू लागली. नाना मान हलवीत राहिले. तेव्हा मी मध्ये पडलो, आणि जे बोललो तेच जरा नीट जुळवून इथे लिहीत आहे.

मी म्हटले, नाना, हिशेबाच्या वहीत जे आले तेवढेच हिशेबात धरले जाते. पेलेचे गोल, मेस्सीचे गोल वहीत आहेत. पण ज्याला मैदानातच घेतले नाही, त्याचे गोल कोणत्या वहीत लिहायचे? सर्वश्रेष्ठ कोण हा प्रश्न विचारायचा तर आधी मैदानाचे फाटक कोणासाठी उघडे होते हे विचारावे लागते. ब्राझीलची सगळी थोरवी या फाटकाच्या गोष्टीत आहे.

ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ साली कायद्याने संपली. म्हणजे महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ ग्रंथ लिहिला त्यानंतर पंधरा वर्षांनी. कायदा झाला, पण फाटके बंदच. फुटबॉल हा तिथे इंग्लंडहून शिकून आलेल्या श्रीमंतांच्या मुलांचा खेळ होता. २१ जुलै १९०२ रोजी रिओ शहरात फ्लुमिनेन्से नावाचा उच्चभ्रूंचा क्लब निघाला. बरोबर पाच दिवसांनी, २६ जुलै १९०२ ला, इकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी मागासलेल्यांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. जगाच्या एका टोकाला फाटक बांधले जात होते आणि दुसऱ्या टोकाला उघडले जात होते! त्या क्लबात १९१४ साली कार्लोस अल्बेर्तो नावाचा संमिश्र वर्णाचा खेळाडू होता. तो तोंडाला तांदळाची पावडर फासून मैदानात उतरायचा आणि घाम आला की ती ओघळायची, असे सांगतात. समोरचे प्रेक्षक ‘तांदळाची पावडर’ म्हणून ओरडत. आडनाव बदलून शहरात खोली भाड्याने घेणारी आपली माणसे आठवतात की नाही?

१९२३ साली त्याच रिओत वास्को द गामा क्लब पहिल्या श्रेणीत आला. नाव त्याच पोर्तुगीज दर्यावर्दीचे, जो १४९८ ला आपल्या कालिकतला उतरला. क्लब पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा, पण त्यांनी खेळाडू घेताना रंग पाहिला नाही. कोणी टॅक्सी चालवणारा, कोणी भिंती रंगवणारा, कोणी कारखान्यातला. काळे, संमिश्र आणि गरीब गोरे. या संघाने पहिल्याच वर्षी साऱ्या धनिक क्लबांना हरवून अजिंक्यपद पटकावले. मग काय व्हायचे ते झाले. धनिक क्लबांनी दुसऱ्या वर्षी वेगळी संघटना काढली आणि वास्कोला सांगितले, तुमचे बारा खेळाडू काढा, मग प्रवेश देऊ. कारणे दिली ती सोवळी. यांचे शिक्षण नाही, यांना धड नोकरी नाही, तुमचे स्वतःचे मैदान नाही. काळे आहेत म्हणून नको, असे कागदावर कोण लिहितो? आपल्याला हे कागद ओळखीचे आहेत.

७ एप्रिल १९२४ रोजी वास्कोच्या अध्यक्षांनी पत्र लिहिले, की हे बारा जण सोडून आम्ही तुमच्या संघटनेत येणार नाही. ब्राझीलमध्ये ते पत्र आजही मानाने सांगितले जाते. १९२४ हे वर्ष आपणही विसरू शकत नाही. ३० मार्चला वायकोमला मंदिराभोवतालच्या रस्त्यासाठी सत्याग्रह सुरू झाला, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रिओत हे पत्र लिहिले गेले आणि २० जुलैला मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. एकाला दुसऱ्याची वार्ताही नव्हती. पुढे ‘मैदान नाही’ या टोमण्याला उत्तर म्हणून वास्कोच्या चाहत्यांनी वर्गणी काढून स्वतःचे स्टेडियम बांधले. ते उघडले २१ एप्रिल १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली त्यानंतर एक महिना नि एक दिवसाने. वर्गणीतून काय उभे राहते ते राहुरीच्या विहाराला कोणी शिकवायला नको. मात्र आमच्या चार जणांची वर्गणी अजून बाकी आहे, हे जाता जाता सांगतो.

नाना आता सरसावून बसले होते. त्यांनी विचारले, “मंग हा पेले त्या बारातला का?”

नाही. पेलेचा जन्म १९४० चा. तो त्या उघडलेल्या फाटकातून आलेला. गरिबाघरचा, मोज्यात चिंध्या कोंबून चेंडू करणारा, लहानपणी बुटांना पॉलिश करून पैसे मिळवणारा. पण फाटक उघडले म्हणून पहारेकरी गेले असे होत नाही. १९५८ च्या विश्वचषकाआधी ब्राझीलच्या संघासोबत एक मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी खेळाडूंच्या परीक्षा घेतल्या, चित्रे काढायला लावली, प्रश्न विचारले. निकाल काय? सतरा वर्षांचा पेले बालिश आहे, त्याच्यात लढाऊ वृत्ती नाही, खेळवू नये. आणि गिरणीच्या गावातला, वाकड्या पायांचा गॅरिंचा तर सपशेल नापास! प्रशिक्षक फेओला यांनी तो कागद बाजूला ठेवून दोघांनाही उतरवले. पेलेने त्या स्पर्धेत सहा गोल केले. ब्राझील प्रथमच जगज्जेता झाला. आणि हे दोघे एकत्र मैदानात असताना ब्राझीलचा संघ कधीही हरला नाही. एकदाही नाही.

‘मेरिट, मेरिट’ म्हणून आपल्या मुलांना हिणवणाऱ्यांपुढे ही एक गोष्ट मी नेहमी ठेवतो. परीक्षा कोण घेतो, कोणत्या भाषेत घेतो आणि कशाची घेतो, हे ठरल्यावर मेरिट ठरते. १९७० चा तो थोर संघ आठवा. त्याचा कर्णधार, ज्याने चषक उंचावला, त्याचे नावही कार्लोस अल्बेर्तोच होते आणि त्यानेही सुरुवात त्याच फ्लुमिनेन्से क्लबातून केली होती. त्याला पावडर लावावी लागली नाही.

कोल्हापूरच्या पोराने इथे मला बरोबर अडवले. “मग ब्राझीलला सगळं माफ? बार्बोसाचं काय?” पोरगा अभ्यास करून आला होता. बार्बोसा म्हणजे १९५० चा ब्राझीलचा काळा गोलरक्षक. रिओच्या माराकाना स्टेडियमवर १६ जुलैला उरुग्वेने ब्राझीलला २-१ ने हरवले. अकरा जण हरले, पण दोष आला बार्बोसावर आणि बचावफळीतल्या दोन काळ्या सोबत्यांवर. बार्बोसा २००० साली वारला, तोवर लोक त्याला त्या एका गोलासाठी बोल लावीत होते. आपल्या देशात सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची असते, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे, अशा अर्थाचे तो शेवटी बोलला होता. आणि गंमत अशी की, त्या दिवशी जिंकणाऱ्या उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वारेला हाही काळ्या वंशाचाच. उरुग्वेने फाटक फार आधी उघडले होते. १९१६ साली त्यांच्याकडून ०-४ ने हरल्यावर चिलीने तक्रार केली होती, की यांनी दोन आफ्रिकी खेळवले!

म्हणजे जिंकलात तर देशाचे आणि हरलात तर तुमच्या जातीचे. हे जुने झाले असे कोणी म्हणू नये. ११ जुलै २०२१ ला युरोपच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका या तीन काळ्या मुलांची पेनल्टी हुकली आणि त्या रात्रीच त्यांच्यावर शिव्यांचा वर्षाव झाला. आम्ही इथे बसून हळहळलो. त्यानंतर महिनाही गेला नाही. ४ ऑगस्टला टोकियोत आपल्या मुलींचा हॉकी संघ अर्जेंटिनाकडून उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादला वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके वाजवून तिच्या कुटुंबाला जातीवरून शिवीगाळ झाली. संघात तुमच्या जातीचे फार झाले म्हणून हरलो, असे सुनावले गेले. चारच दिवस आधी याच वंदनाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये हॉकीत असे करणारी ती पहिली भारतीय स्त्री! तेव्हा ती देशकन्या होती.

हे ऐकताना कोणी काही बोलले नाही. मग भारताचा विषय निघाला. आपला फुटबॉल संघ १९५१ आणि १९६२ साली एशियाडचे सुवर्णपदक जिंकला होता आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला होता, हे आज सांगितले तर पोरांना थाप वाटते. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपण ४-२ ने जिंकलो, त्यात तीन गोल मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाचे. त्या संघाचा प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हा हैदराबादचा शाळामास्तर. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला बहुतेक जण अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून जेमतेम १-२ ने हरले, त्या संघाचा कर्णधार तालिमेरेन आओ नागा होता, पुढे डॉक्टर झाला. बंगाली, हैदराबादी, पंजाबी, नागा, गोवेकर. माझ्या मते भारताचा सर्वश्रेष्ठ संघ १९६२ चा. जकार्तात लाखभर लोक विरोधात ओरडत असताना त्यांनी दक्षिण कोरियाला २-१ ने हरवले. त्यानंतर फाटक कुठे, कसे लागले यावर एक वेगळा लेख होईल.

आणि आपला महाराष्ट्र? नागपूरकडचा एक विद्यार्थी कोपऱ्यातून म्हणाला, “आमच्या बारसे सरांचं नाव घ्या ना.” घेतो. विजय बारसे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. २००१ साली पावसात झोपडपट्टीतली मुले एका फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळताना त्यांनी पाहिली आणि त्यांना चेंडू दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. नागपूरच्याच वस्तीतला एक मुलगा २०१० साली बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार म्हणून गेला, तोही ब्राझीलच्या रिओत. २०१६ साली या कामाला फिफाचा पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ मार्च २०२२ मध्ये आला, तेव्हा तो पाहायला आम्ही विहारातून एकत्र गेलो होतो. भीमजयंतीचा प्रसंग पडद्यावर आला तेव्हा थिएटरात काय झाले ते मी लिहायला नको. कोल्हापूरचेही एक नाव घेतो, अनिकेत जाधव. वडील रिक्षा चालवीत, मुलगा २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

आता माझे. मी आठवीत असताना एका शाळेत फुटबॉल होता. संघात मला कधी घेतले नाही, पण रोज गोलामागे उभे करीत. मैदानाच्या कडेला ऊस. चेंडू उसात गेला की मी आणायचा. पाचटाने हातपाय कापत. तीन वर्षे मी चेंडू आणला. एकदा धीर करून सरांना विचारले, तर ते म्हणाले, तू चपळ आहेस म्हणूनच तर तुला चेंडू आणायला ठेवला आहे! नाना, म्हणून मी म्हणतो, हा फोटो आपल्या वाचनालयात शोभेल. पेले सर्वांत थोर का, तर केवळ गोलांमुळे नव्हे. ज्या देशाने त्याच्या वडीलधाऱ्यांना गोलामागे उभे केले, त्याच देशाची ओळख तो झाला.

टाळ्या पडल्या. नानांनी फोटो लावायला मान डोलावली, पण फळ्याच्या शेजारी, थोरांच्या रांगेत नाही. पोरांनी पेलेच्या रकान्यात आणखी चार रेघा ओढल्या. मी खूश होऊन बाटलीतले पाणी प्यालो.

तेवढ्यात दाराशी चपला घालत असलेली नववीतली एक मुलगी म्हणाली, “काका, तुम्ही तीन वर्षं चेंडू आणला. आम्ही विहाराच्या मागं दादालोकांचा चेंडू सहा वर्षांपासून आणतोय. फळ्यावर एक तरी बाई आहे का?”

फळ्यावर नव्हती. माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणात वंदना तेवढी होती, तीही शिव्या खाण्यापुरती. फुटबॉलच्या यादीत एकही नाही. वीस वर्षे स्त्रीमुक्ती दिन साजरा करणाऱ्या माणसाला पाणी घशात अडकल्यासारखे झाले. मी खरेच निरुत्तर झालो आणि घरी जाऊन पुस्तके, कात्रणे धुंडाळली. जे सापडले ते पुढच्या रविवारी फळ्यावर लिहिले.

ज्या ब्राझीलचे मी एवढे गोडवे गायले, त्याच ब्राझीलने १९४१ साली कायदा करून स्त्रियांना फुटबॉल खेळायला बंदी घातली. स्त्रीच्या ‘प्रकृतीला न मानवणारे’ खेळ नकोत म्हणून. हुकमाची तारीख १४ एप्रिल! बंदी उठली १९७९ साली. म्हणजे पेले तीन विश्वचषक जिंकून निवृत्तही झाला, तोवर त्याच्या देशातल्या मुलींना फाटक बंदच होते. इंग्लंडच्या संघटनेनेही १९२१ पासून १९७१ पर्यंत आपली मैदाने बायकांना दिली नव्हती. आणि बंदी उठल्यावर ब्राझीलच्या एका दुष्काळी भागातल्या खेड्यातून मार्ता नावाची मुलगी आली, मुलांत खेळते म्हणून बोलणी खात. सहा वेळा जगातली सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. २०१९ साली तिने विश्वचषकातला सतरावा गोल केला, तेव्हा पुरुषांतला विक्रम जर्मनीच्या क्लोसेचा, सोळा गोलांचा होता. माझी वही चुकली होती. मी रकाना वाढवला.

पोरांत लगेच नवा वाद. मार्ताचे गोल पेलेच्या गोलांशी कसे मोजायचे? कोल्हापूरकराचे एक, नागपूरकराचे दुसरे. तो वाद अजून मिटलेला नाही आणि मी त्यात पडत नाही.

त्या रविवारी सकाळी विहारामागच्या पटांगणात विटांचे गोल मांडले आणि अकरा मुली उतरल्या. दोघी पंजाबी ड्रेसमध्ये, बाकीच्या शाळेच्या पी.टी.च्या कपड्यांत. गोलात तीच नववीतली. पोरे कडेला उभी राहून सूचना देत होती, ज्या कोणी ऐकत नव्हत्या. दहाएक मिनिटांनी एकीने चेंडू असा उडवला की तो कुंपण ओलांडून थेट उसात गेला. खेळ थांबला. मुली सवयीने वळल्या आणि मग जागच्या जागी थांबल्या. पोरे एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी तिचा भाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उसात शिरला आणि बराच वेळ आतून ओरडत राहिला, “कुठं पडलाय, सांगा की नीट!”